शेजारी देशाच्या आरोग्य संस्थेसोबत काम कसं सुरू करावं: नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या जंगलपट्ट्यातला ग्वेकेडू हा भाग लायबेरिया आणि सिएरा लिओन या दोन देशांना लागून आहे. तिथल्या लोकांची सोयरीक, बाजारहाट, मयताला जाणं-येणं तिन्ही देशांत चालतं. डिसेंबर 2013 मध्ये याच भागातल्या एका खेड्यात इबोलाची सुरुवात झाली, असं नंतरच्या तपासात दिसून आलं. रोगाचं निदान होऊन जागतिक आरोग्य संघटनेकडे अधिकृत खबर पोचली ती मार्च 2014 च्या शेवटच्या आठवड्यात. महिना संपायच्या आत लायबेरियात रुग्ण निश्चित झाले, मे महिन्यात सिएरा लिओनमध्ये. साथ संपेपर्यंत 28,600 हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि 11,300 हून अधिक माणसं दगावली.

आरोग्य खाती तिन्ही देशांना होती. एका बाजूला आढळलेला संशयित रुग्ण दुसऱ्या बाजूच्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळावा, अशी रोजच्या वहिवाटीतली सोय मात्र नव्हती. साथीनंतर लायबेरियाने स्वतःची राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था उभी केली, त्यामागे या साथीचा धडा होता.

तुमच्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 'शेजारी देशांशी सहकार्य' हा विषय नुकताच तुमच्याकडे आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: हे सहकार्य परिषदांमध्ये जन्माला येत नाही. ज्या आठवड्यात काहीच घडलेलं नसतं, त्या आठवड्याचे आकडेही नेमाने एकमेकांना पाठवण्यातून ते उभं राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

पायरी 1: आपला अधिकार कुठपर्यंत आहे ते आधी पाहा

कोणताही ईमेल पाठवण्याआधी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 2005 वाचून काढा. ती जून 2007 पासून लागू आहे आणि 196 देश तिला बांधील आहेत. 2024 मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या, तेव्हा नवी प्रत घ्या. प्रत्येक देशाने एक राष्ट्रीय संपर्क केंद्र नेमायचं असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेला अधिकृत खबर त्याच केंद्रातून जाते. एखादी घटना कळल्यावर 48 तासांत तिचं मूल्यमापन करायचं आणि ती कळवण्याजोगी ठरली तर पुढच्या 24 तासांत कळवायची. कळवण्याजोगी आहे का, हे चार प्रश्नांवरून ठरतं: सार्वजनिक आरोग्यावरचा परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, इतर देशांत पसरायचा मोठा धोका आहे का, प्रवास किंवा व्यापारावर निर्बंध येण्याची मोठी शक्यता आहे का. यांपैकी कोणत्याही दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं, तर कळवणं बंधनकारक आहे.

काही देशांत हे केंद्र राष्ट्रीय संस्थेतच असतं, काहींत मंत्रालयात. तुमच्याकडे ते मंत्रालयात असेल, तर तिथल्या अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा. दोन संस्थांमधला थेट संवाद अधिकृत खबरीची जागा घेत नाही आणि त्या खबरीची वाट अडवतही नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. नियमावलीचं 44 वं कलम देशांनी एकमेकांना सहकार्य करावं असं म्हणतं, त्याचा आधार घ्या. मग वरिष्ठांकडून एक साधी लेखी परवानगी मिळवा: कोणती माहिती तुम्ही स्वतःच्या अधिकारात पाठवू शकता आणि कोणती विचारून पाठवायची. हा कागद नसेल, तर ऐन साथीत तुमचे पहिले दोन दिवस सह्या गोळा करण्यात जातील.

पायरी 2: पलीकडे नेमकं कोण आहे ते शोधा

दोन देशांच्या संस्था नावाने सारख्या वाटल्या तरी आतून फार वेगळ्या असतात. एक स्वायत्त असते, दुसरी मंत्रालयाचा विभाग. एकीकडे संदर्भ प्रयोगशाळा (शंकेच्या नमुन्यांची अंतिम तपासणी करणारी) संस्थेच्याच आवारात, दुसरीकडे ती विद्यापीठाकडे. प्राण्यांचे आजार तर बहुतेक ठिकाणी कृषी किंवा पशुसंवर्धन खात्याकडे असतात. जर्मनीत रुग्णांची नोंद स्थानिक आरोग्य कार्यालयातून राज्याकडे आणि तिथून बर्लिनमधल्या रॉबर्ट कॉख संस्थेकडे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे जाते. तिथल्या अधिकाऱ्याला एखाद्या जिल्ह्यातली अधिक माहिती हवी असेल तर त्यालाही राज्यामार्फतच जावं लागतं. शेजारची संस्था संघराज्यातली असेल तर 'हे तुम्ही स्वतः ठरवू शकता का?' हा प्रश्न पहिल्याच बोलण्यात विचारा. त्यात अपमान काही नाही, उलट पुढचे गैरसमज टळतात.

एक पानभर यादी करा. रोगसर्वेक्षण, प्रयोगशाळा, लसीकरण, माध्यम विभाग या प्रत्येकासाठी एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा. फोन, बोलायची भाषा, रात्री फोन केला तर चालतो का, आणि साप्ताहिक सुटी कोणती. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. पण एकीकडे शुक्रवारी सुटी आणि दुसरीकडे शनिवार-रविवार असेल तर आठवड्यातले तीन दिवस कुणी ना कुणी कार्यालयात नसतं. दर तिमाहीला यादीतल्या प्रत्येक नंबरवर खरोखर फोन लावून पाहा.

आणखी एक अडचण नव्यांच्या लक्षात येत नाही. शेजारी देश जागतिक आरोग्य संघटनेच्या वेगळ्या विभागात असू शकतो. मेकाँग नदीच्या खोऱ्यात थायलंड आणि म्यानमार आग्नेय आशिया विभागात, तर लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम पश्चिम प्रशांत विभागात. नदी एकच, पण विभागीय कार्यालयं दोन. तिथे शेजाऱ्यांनी विभागांच्या पलीकडे जाऊन आपलं स्वतंत्र जाळं उभं केलं: मेकाँग खोरे रोगसर्वेक्षण जाळं. त्याच्या सहा सदस्य देशांच्या (हे पाच आणि चीन) आरोग्य मंत्रालयांनी 2001 मध्ये सामंजस्य करार केला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांच्या जोड्या लावून काम सुरू केलं.

पायरी 3: एकच आजार निवडा

इथे घाई नडते. नव्या माणसाला वाटतं, सगळ्याच साथरोगांची देवाणघेवाण सुरू करावी. तसं केलं की चाळीस रकान्यांचा तक्ता तयार होतो आणि दोन महिन्यांत बंद पडतो.

निवडीची कसोटी सोपी आहे. आजार दोन्ही देशांत असावा, दोघांनाही तो नकोसा झालेला असावा, दोन्हीकडच्या प्रयोगशाळांना त्याचं निदान करता यावं, आणि त्याचा आकडा बाहेर पडल्याने व्यापार-पर्यटन हादरू नये. गोवर, रेबीज, हिवताप यांपासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं. कॉलरापासून शक्यतो करू नका. कॉलराचं नाव निघताच माल अडवला जाईल ही भीती खरी असते आणि त्या भीतीपोटी आकडे दडवण्याची सवय पहिल्याच महिन्यात लागते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण पश्चिम आशियातलं आहे. 2003 मध्ये इस्रायल, जॉर्डन आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण यांच्या आरोग्य तज्ज्ञांनी एक संयुक्त रोगसर्वेक्षण गट सुरू केला. राजकीय वातावरण किती ताणलेलं होतं ते सांगायला नको. त्यांनी निवडले ते अन्नातून होणारे आजार, साल्मोनेला आणि शिगेला. अन्न तिन्हीकडे तेच आणि जंतूही तेच. आधी प्रयोगशाळांच्या पद्धती एकसारख्या केल्या, मग आकडे जुळवले. 2006 मध्ये त्या भागातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा हीच माणसं एकमेकांना ओळखत होती आणि ती ओळख कामाला आली.

पायरी 4: आठवड्याचा तक्ता

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा. पहिला प्रश्न: रुग्ण कुणाला म्हणायचं? संशयित, संभाव्य आणि निश्चित या तीन पातळ्यांची व्याख्या दोन्ही देशांत वेगळी असते. एकीकडे ताप आणि पुरळ पुरेसं असतं, दुसरीकडे त्यासोबत खोकला, सर्दी किंवा लाल डोळे लागतात. आपली व्याख्या शेजाऱ्यावर लादू नका आणि त्याची घेऊही नका. दोन्ही व्याख्या शेजारी-शेजारी लिहा, दोघांना मोजता येईल असा समान भाग काढा आणि देवाणघेवाणीपुरता तोच वापरा. देशांतर्गत व्याख्या जशीच्या तशी राहू द्या.

दुसरा प्रश्न: आठवडा कधी सुरू होतो? आंतरराष्ट्रीय मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो, तर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा साथरोग-आठवडा रविवार ते शनिवार. एक दिवसाचा फरक असला की दोन आलेख एकमेकांवर बसत नाहीत आणि नसलेली वाढ दिसते. तारखेचंही तेच. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतं, इथिओपियात वर्षाला तेरा महिने असतात. शिवाय 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळ आहेच. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी एकच पद्धत ठरवा. ती तारीख कसली, तेही लिहा: लक्षणं सुरू झाल्याची, नोंद झाल्याची की प्रयोगशाळेच्या अहवालाची? साथीचा खरा वेग लक्षणांच्या तारखेतून कळतो. ती मिळत नसेल तर नोंदीची तारीख चालेल, पण दोन्हींची सरमिसळ नको.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. राहतो एका देशात, उपचार घेतो दुसऱ्या देशात, असा रुग्ण कुणाच्या खात्यात धरायचा? सीमाभागात हे रोज घडतं. कुणी जवळचं रुग्णालय म्हणून पलीकडे जातो, कुणी तिथे मजुरीला असतो. असा रुग्ण एकतर दोनदा मोजला जातो किंवा एकदाही नाही. म्हणून तक्त्यात 'राहण्याचं ठिकाण' आणि 'उपचाराचं ठिकाण' असे दोन वेगळे रकाने ठेवा. संसर्ग कुठे झाला असावा हे कळत असेल तर तिसराही. हिवतापाच्या बाबतीत हा तिसरा रकाना नसेल तर डासांवरचं काम भलत्याच गावात होतं. गावांची नावं दोन लिप्यांत चार तऱ्हांनी लिहिली जातात, तेव्हा सीमेवरच्या तालुक्यांना किंवा जिल्ह्यांना आपापसात सांकेतिक क्रमांक देऊन ठेवा.

रुग्णाचं नाव, पत्ता, फोन या तक्त्यात कधीही नको. सहप्रवाशांचा किंवा संपर्कातल्या माणसांचा शोध घेण्यासाठी नाव लागतंच. ते वेगळ्या, कुलूपबंद मार्गाने, नेमून दिलेल्या दोनच माणसांमध्ये जावं. लहान गावात 'वय 34, एक रुग्ण' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून वय गटात द्या.

आणि शून्य. रुग्ण नसेल त्या आठवड्यातही तक्ता पाठवा, त्यात शून्य लिहून. रिकामा रकाना आला तर रुग्ण नाही, माणूस रजेवर आहे की प्रयोगशाळेतली चाचणीची रसायनं संपली आहेत, हे पलीकडच्याला कळत नाही. शून्य आलं की कुणीतरी खरंच पाहिलं होतं हे कळतं. शिवाय शून्य पाठवायची सवय असलेला माणूस 'पाच' पाठवायलाही कचरत नाही.

किती आकड्यावर तक्त्याची वाट न पाहता फोन करायचा, हेही आत्ताच ठरवा. गोवराच्या निर्मूलनाच्या टप्प्यातल्या देशात एक निश्चित रुग्णही पुरेसा ठरतो.

पायरी 5: कागदपत्र

करार आधी की काम आधी? शक्य असेल तिथे दोन संचालकांच्या पत्रव्यवहारावर काम सुरू करा आणि वर्षभराच्या अनुभवावरून सामंजस्य करार लिहा. अनुभवाआधी लिहिलेल्या करारात मोठमोठे शब्द असतात आणि नेमकं काय करायचं ते नसतं. करारात एवढं असलं तरी पुष्कळ: काय द्यायचं, किती दिवसांत, ते कोण प्रसिद्ध करू शकतं, माहिती किती काळ जपायची, आणि मतभेद झाला तर कुणी कुणाला फोन करायचा.

जैविक नमुन्यांचा करार मात्र वेगळा आणि आधीच हवा. 2007 मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे विषाणू-नमुने देणं थांबवलं होतं. त्यांचा मुद्दा साधा होता: आमच्या नमुन्यांवरून लस तयार होणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही. यातून चर्चा होत होत 2011 मध्ये महामारी-क्षम इन्फ्लुएंझाच्या सज्जतेची चौकट तयार झाली, ज्यात नमुने देणं आणि त्यातून होणारा लाभ वाटून घेणं या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. शेजाऱ्याकडून नमुना मागताना हा इतिहास लक्षात ठेवा. संशोधन निबंधात त्यांच्या शास्त्रज्ञांचं नाव असेल का, उरलेला नमुना परत जाईल की नष्ट होईल, जनुकीय क्रम कुणाच्या नावावर टाकला जाईल, हे सगळं नमुना निघण्याआधी लिहून घ्या. जैविक संसाधनांचा लाभ वाटून घेण्याबाबतचा, 2014 पासून लागू असलेला नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार दोन्ही देशांनी स्वीकारला आहे का, तेही तपासा.

पायरी 6: प्रयोगशाळा आणि नमुन्याचा प्रवास

नमुना पाठवायचा म्हणजे तिहेरी वेष्टन: गळती न होणारी आतली कुपी, तिच्याभोवती शोषक पदार्थासह दुसरं गळतीरोधक वेष्टन, आणि बाहेर टणक खोका. नेहमीच्या निदानाच्या नमुन्यांवर यूएन 3373 ही खूण (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागते. इबोलासारख्या अतिघातक जंतूंसाठी यूएन 2814 आणि त्याचे नियम कितीतरी कडक. पण खोका अडकतो तो बहुधा विमानतळावरच्या सीमाशुल्क खात्यात. एखाद्या टेबलावर परवाना नसतो आणि बर्फ वितळत राहतो. म्हणून शांत काळात निरुपद्रवी पाण्याच्या कुप्यांचा एक खोका, तापमान नोंदवणाऱ्या यंत्रासह, खरोखर पाठवून पाहा. कुठे किती तास थांबला ते लिहून घ्या. पुढे सगळ्यांत जास्त उपयोग त्याच कागदाचा होतो.

प्रत्येक देशाला प्रत्येक चाचणी घरी करता आलीच पाहिजे असंही नाही. कॅरिबियन बेटांनी आपल्या पाच प्रादेशिक आरोग्य संस्था एकत्र करून एकच संस्था केली. 2013 पासून ती कामाला लागली आणि त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरातली तिची प्रयोगशाळा अनेक छोट्या देशांची संदर्भ प्रयोगशाळा आहे. मोठ्या शेजाऱ्याची प्रयोगशाळा वापरण्यात कमीपणा मानू नका. मोठ्या शेजाऱ्यानेही उत्तर वेळेत द्यायचं असतं: ज्याचा नमुना, त्याला निकाल सगळ्यात आधी.

पायरी 7: माध्यमांसमोर जाण्याआधी

मे 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. हॅम्बर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनहून आलेल्या काकड्यांकडे बोट दाखवलं. काही दिवसांतच कळलं की काकड्यांवरचा जंतू आणि रुग्णांमधला जंतू एक नव्हता. शेवटी धागा पोचला तो मोड आलेल्या धान्यापर्यंत, आणि मागे जाता जाता इजिप्तहून आयात झालेल्या मेथीच्या बियांपर्यंत. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल शेतात कुजला होता. साथीत पन्नासहून अधिक माणसं गेली, आणि भाजी उत्पादकांसाठी युरोपीय संघाला 20 कोटी युरोंहून अधिक नुकसानभरपाई मंजूर करावी लागली. युरोपचं रोग प्रतिबंध केंद्र तेव्हा होतं, इशारे देण्याची यंत्रणाही होती; तरीही हे घडलं.

म्हणून एक नियम लिहून ठेवा: ज्या निवेदनात शेजारी देशाचं, तिथल्या मालाचं किंवा प्रवाशांचं नाव आहे, ते बाहेर पडण्याआधी शेजारच्या संस्थेला कळलं पाहिजे. किती तास आधी, ते दोघांनी ठरवा. मात्र ही पूर्वसूचना आहे, पूर्वपरवानगी नाही. शेजाऱ्याने हो म्हणेपर्यंत आपल्या लोकांना धोका न सांगणं हे आरोग्य संस्थेचं काम होऊ शकत नाही. दोन्ही माध्यम अधिकाऱ्यांची ओळख करून द्या. शास्त्रज्ञांची ओळख असते, त्यांची बहुधा नसते.

पायरी 8: सराव

वर्षातून एकदा टेबलाभोवती बसून काल्पनिक साथीचा सराव करा. राजधानीत नको, सीमेवरच्या जिल्ह्यात, आणि त्यात सीमाशुल्क, पशुसंवर्धन, पोलीस यांना बोलवा. मोजमाप म्हणून 7-1-7 हे लक्ष्य चांगलं आहे: साथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ओळखणं, एका दिवसात कळवणं, पुढच्या सात दिवसांत प्राथमिक उपाय पूर्ण करणं. शेजाऱ्याला कळायला किती वेळ लागला, हा चौथा आकडा त्यात स्वतःहून घाला.

तरुण साथरोगतज्ज्ञांना एकत्र प्रशिक्षण दिलं तर ओळखी आपोआप होतात. युरोपचा 1995 पासूनचा क्षेत्रीय साथरोगशास्त्र कार्यक्रम शिकाऊ उमेदवारांना दोन वर्षांसाठी दुसऱ्या देशाच्या संस्थेत पाठवतो. एवढं जमत नसेल, तर एका तपासात शेजारचा एक अधिकारी निरीक्षक म्हणून बोलवा.

पायरी 9: छत्र, पैसा आणि बदली

तुमच्या भागात आधीच एखादी यंत्रणा आहे का ते पाहा. आफ्रिका सीडीसी, म्हणजे आफ्रिकी देशांचं रोग नियंत्रण केंद्र, 2017 पासून पाच प्रादेशिक केंद्रांच्या कल्पनेवर चालतं. अँडीज पर्वतरांगेतल्या देशांचा आरोग्य करार 1971 चा आहे. आग्नेय युरोपातल्या देशांनी युद्धांच्या जखमा ताज्या असताना, 2001 मध्ये, क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक इथे आरोग्यासाठी एकत्र येण्याची शपथ घेतली. राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना 2006 पासून आहे आणि तिची प्रादेशिक जाळी आहेत. तुमची संस्था सदस्य नसेल तर अर्ज करा. पण छत्र मिळालं म्हणून आपला साप्ताहिक तक्ता बंद करू नका.

देणगीदारांच्या पैशावर चालणारं सहकार्य प्रकल्पाबरोबर संपतं. साप्ताहिक देवाणघेवाणीला फारसा पैसा लागत नाही, तेवढा संस्थेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातूनच काढा. बैठका आणि सरावासाठी बाहेरचा निधी घ्यायला हरकत नाही. सचिवालयाचं काम एका देशाकडे कायम न ठेवता वर्षाआड फिरवा, म्हणजे मोठा शेजारी मालक होत नाही.

बदली तर होणारच. तक्त्याचं काम माणसाच्या नावाऐवजी पदाच्या कर्तव्यसूचीत घाला. नव्या अधिकाऱ्याला जुन्याने स्वतः फोन लावून पलीकडच्याशी बोलणं करून द्यावं, आणि तो आठवड्याचा तक्ता दोघांनी मिळून पाठवावा.

वर्ष भरलं की चार गोष्टी तपासा. बावन्न आठवड्यांपैकी किती तक्ते वेळेवर गेले आणि आले? सीमाभागातल्या किती रुग्णांची खबर आपल्याला वर्तमानपत्राआधी मिळाली? पलीकडून आलेल्या माहितीवरून आपण एखादी तरी लसीकरण फेरी, फवारणी किंवा तपासणी केली का? आणि आपण पाठवलेल्या आकड्यांचा पलीकडे काय उपयोग झाला, हे त्यांना विचारलं का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' आलं, तर दुसरा आजार जोडायची घाई न करता आधी तक्ता बदला.